जन्माची सोबत

दर वर्षी फुटबॉल लीगच्या वरच्या गटातला तळाचा संघ खालच्या गटात जायचा आणि खालचा पहिला वर यायचा. वरच्या गटातल्या एका संघाच्या मालकसाहेबांच्या नाकाला याच्याच मिरच्या झोंबायच्या. "उद्या खालच्या गटातली ती गॅरेजवाली पोरं आमच्या शेजारी कपडे बदलणार?"

शेवटी त्यांनी वजन वापरून नियमच करून घेतला. पुढच्या मोसमापासून कोणी वर येणार नाही, कोणी खाली जाणार नाही.

"साहेब, हा मोसम अजून संपायचाय," प्रशिक्षक चाचरत म्हणाला.

"तू पोरं पळव. अक्कल पाजळू नकोस."

त्या मोसमात साहेबांचाच संघ तळाला राहिला.



खालच्या गटाच्या कोंदट खोलीत शेजारची खुंटी रिकामी करत गॅरेजवाल्यांचा कप्तान म्हणाला, "या साहेब, आता जन्माची सोबत."