उघडल्या उघडल्या

“मला मधलं काई नको,” चांगुणाबाई म्हणाल्या. “बोट लावलं की आवाज आला पायजे. बास.”

अभयने आईच्या हातातून फोन घेतला. फोन त्याच्या वडिलांचा, एक कोपरा फुटलेला. शिवराम जाऊन महिना झाला होता आणि त्यांचा आवाज त्या फोनवरच्या ‘बोलकी वही’ नावाच्या ॲपमध्ये होता. पण तिथवर पोचायचं तर आधी भाषा निवडा, मग नंबर टाका, मग यादीतून शोधा. चांगुणाबाईंना अक्षरओळख नाही. रोज सकाळी त्या शेजारच्या शालनला हाक मारत, आणि नवऱ्याचा आवाज शेजारणीसमोर ऐकावा लागे. त्याचा त्यांना संकोच वाटायचा.

ही वही अभयच्याच महाप्याच्या कंपनीने काढली होती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बोलून ठेवावं, म्हणून. ॲप उघडल्यावर पहिला स्क्रीन कुठला, यावर ऑफिसात तीन आठवडे काथ्याकूट झाला. शेवटी त्याची वरिष्ठ सुनीती म्हणाली होती, माणूस ज्यासाठी आलाय ते पहिलं दाखवा, बाकीचं मागे ढकला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि भाषा निवडायचाच स्क्रीन पुढे ठेवला. कंपन्यांचं असंच असतं.

“करतो,” अभय म्हणाला. तेवढंच म्हणाला. आईशी जास्त बोलायचा त्याला धीर होत नव्हता, कारण त्या फोनमधला आवाज शिवरामांचा नव्हताच.

खरा आवाज त्याने स्वतःच घालवला होता. नव्या माणसाला पहिल्यांदा काय दिसतं हे तपासायचं तर ॲप काढून पुन्हा टाकावं लागतं. ऑफिसात तो दिवसातून तीस वेळा हेच करायचा. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन हातात आला आणि बोटं सवयीने चालली. पडद्यावर आलं, ‘आपले स्वागत आहे’. मागचं सगळं पुसलं गेलं होतं. त्यात शिवरामांनी एका रविवारी भरलेला आवाज होता, एकच. पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं परत गेल्यावर चांगुणाबाईंनी नेमका तोच मागितला. उद्या लावून देतो, असं तो म्हणाला.

बाप एकदा गेला होता. आईसाठी त्याला दुसऱ्यांदा मारायची अभयची हिंमत नव्हती. फोनवर बापलेकांचा आवाज ओळखू येत नाही, असं त्यांच्या दिघ्याच्या वस्तीत सगळेच म्हणायचे. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून त्याने गळा जरा घोगरा केला. वडील नक्की काय बोलले होते ते काही केल्या आठवेना, म्हणून तोंडाला येईल ते बोलला.

“चांगुणा, जेवलीस का? गोळी घेतलीस का? गुडघ्याला तेल लाव. काळजी करू नको, मी हाय.”

आता त्याने मधली पानं काढून टाकली. ॲप उघडलं की आवाज.

मग रोज सकाळी तेच. चहा झाला की चांगुणाबाई भिंतीला टेकून बसत आणि बोट लावत. ‘जेवलीस का?’ आलं की मान हलवत. ‘तेल लाव’ आलं की खरंच गुडघ्यावरून हात फिरवत. अभय कानात इयरफोन घालून पाठ फिरवायचा. चोराच्या मनात चांदणं. आईकडे पाहिलं तर सगळं ओठावर येईल, याची त्याला भीती वाटायची. संध्याकाळी तो तांब्याला फोन टेकवून जेवायचा. भाजी बरी झाली का? हं. उद्या लवकर जायचंय? हं. वर्षभर त्या घराचा गाडा एका ‘हं’वर चालला होता.

परवा सुनीतीने ऑफिसात जुनी मेल चाळताना एक आवाज त्याच्याकडे पाठवला. पंख्याची घरघर फार येते, असं सांगत तूच मला बाबांचा हा नमुना दिला होतास, म्हणाली. अभयने तो लावला आणि तसाच उठून बाथरूममध्ये गेला. तिथे तो मनसोक्त रडला.

घरी आला तेव्हा आई भाजी आणायला गेली होती. त्याने आपलं खोटं पुसलं आणि खरं पुढे लावलं. वर्षाचं ओझं उतरलं. त्या दिवशी त्याला भूकही चांगली लागली.

सकाळी कित्येक महिन्यांनी तो इयरफोन न घालता आईसमोर बसला. चांगुणाबाईंनी बोट लावलं.

“अब्या, ह्ये चालू झालं का? काय बोलू आता? ए, तो पंखा बंद कर आधी. झालं, घे तुजा फोन.”

पंख्याचं नाव निघताच चांगुणाबाईंची नजर बटणाकडे गेली. मग त्या फोनकडे बघत राहिल्या. चहावर साय धरली तरी हलल्या नाहीत.

“बाबा हायेत हे तुजे,” शेवटी त्या म्हणाल्या.

अभयने मान हलवली.

“कालपर्यंतचं पुसलंस?”

“हं.”

चांगुणाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि फोन त्याच्या हातात ठेवला.

“ह्यांना मागं ठेव. उघडल्या उघडल्या तुजाच आवाज पायजे. दिवसातनं तेवढंच तर बोलतूस माज्याशी.”