हरिदासची सही

हरिदासच्या मुलीचं, पायलचं, लग्न झालं त्या वर्षी, २००४ साली, कारखान्यांतल्या अपघातांचा अभ्यास करत रायपूरच्या कॉलेजातली स्नेहल भनपुरीच्या कारखानावस्तीत आली. कारखान्यात सोबत काम करणारा श्यामराव कसा मेला, ते हरिदासने तिला सगळं सांगितलं, तिने ते कागदावर लिहून घेतलं.

"काका, कागदावर नाव नको. कोणाच्या हाती लागला तर?" स्नेहल म्हणाली.

"काहून नको? पन्नाशीत लिहाले शिकलो, बेटा. आता अंगठेबहाद्दर नाही मी!" म्हणत त्याने खाली ठसठशीत सही केली.

कसा कोण जाणे, महिनाभरात तो कागद कारखान्याच्या साहेबाच्या टेबलावर पोचला.

"लिख, श्यामराव घर में मरा. दामाद भी यहीं काम करता है ना तेरा? साइन तो आता है."

हरिदासने तसं लिहून सही केली.

श्यामराव भट्टीवर मेला, ११ मे २००३ रोजी, हरिदासच्या डोळ्यांदेखत.