कॉलरमागचं नाव

"फेरी मारायची का आजोबा?" नाववाल्याने विचारलं आणि बाबा चक्क हो म्हणाले.

लेकीने घड्याळाकडे पाहिलं. याच धरणावर बाबांनी एकतीस वर्षं नोकरी केली, पण मौजेसाठी नावेत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिचा बेत साधा होता. काठावर घटकाभर बसायचं, आइस्क्रीम खायचं आणि निघायचं. बाराच्या आत पलीकडच्या काठावरच्या वृद्धाश्रमात पोचायचं होतं. तिथे एक खाट रिकामी झाली होती. निघताना तिने बाबांना एवढंच सांगितलं होतं, "चला, तुमच्या धरणावर सहलीला जाऊ."

रात्रपाळी संपवून ती तशीच आली होती, नर्सच्या पांढऱ्या गणवेशात. कपडे बदलायला वेळच नव्हता, असं तिने स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे खोलीत गेली असती तर पलंगावर आडवी झाली असती आणि आजचं काम पुन्हा राहिलं असतं. याआधी दोनदा राहिलं होतं. ती इस्पितळात असताना बाबा गॅस चालू ठेवून फिरायला निघून जायचे. शेजारीण तरी किती दिवस लक्ष ठेवणार? गेला आठवडाभर डुलक्या काढत तिने आश्रमाच्या नियमाप्रमाणे बाबांच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरमागे निळ्या दोऱ्याने नाव शिवलं होतं. दोनदा सुई बोटात गेली. आपण बापाला सोडायला निघालोय याची लाज वाटण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

नाव पाण्यात आली. सुट्टीचा दिवस होता. शेजारच्या नावेत मुलं किंचाळत होती. कुणाची तरी टोपी उडाली आणि एकच हशा पिकला. बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते पाण्यातल्या खांबाकडे बघत होते. खांबावर आकडे रंगवले होते. रोज सकाळी सहाला पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हेच त्यांचं काम होतं. एकदा साहेबांनी आकडा थोडा वाढवून लिहायला सांगितला, तर या माणसाने बढतीवर पाणी सोडलं, पण आकडा बदलला नाही. हा किस्सा ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. हल्ली तो त्यांना आठवत नसे, आणि आता तिलाच तो ऐकावासा वाटायचा.

"सहाशे बारा, चार," बाबा पुटपुटले. "उतरलंय."

"गार लागतंय का?" तिने विचारलं.

त्यांनी वळून पाहिलं. आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग गणवेशाकडे. नजर एकदम अदबीची झाली. आठवड्यातून एकदोनदा हे व्हायचंच. चूक दुरुस्त करणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

"सिस्टर, तुम्ही त्या आश्रमातल्या ना? मला न्यायला आलात?"

ती चपापली. मग तिने होकारार्थी मान हलवली.

"बरं झालं बाई. लेकीला यायला लागलं असतं तर तिला फार जड गेलं असतं." नाववाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून ते जवळ सरकले. "सहलीला जाऊ म्हणाली मला. सहलीला जाताना कुणी कॉलरमागे नाव शिवतं का हो? पोरगी पार दमलीय. बसल्या जागी झोपते, हातात सुई तशीच."

"मग तुम्ही तिला काही बोलला नाहीत?" तिने कसंबसं विचारलं.

"बोललो असतो तर तिने मला घरीच ठेवलं असतं."

नाववाल्याने नाव काठाकडे वळवली. बाबांनी पुन्हा एकदा खांबाकडे पाहिलं.

"जन्मात खोटी नोंद केली नाही मी, सिस्टर. एवढी एक माझ्यासाठी तुम्ही करा. तिने विचारलं तर सांगा, बाबांना शेवटपर्यंत सहलच वाटली."