ऊब

"लव्हबर्ड गारठतील," म्हणत आप्पांनी पेटती शेगडी पिंजऱ्याखाली आणून ठेवली, खिडक्या लावल्या आणि दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. नातवाच्या दुपारभरच्या किरकिरीनं ते आधीच वैतागले होते. सुनेवर खेकसले, "शलाका, गप्प कर गं त्याला!"

थोड्या वेळानं बाळ खरंच गप्प झालं. शलाकाला हायसं वाटलं. तिचंही डोकं जड झालं होतं.

तेवढ्यात दांडीवरचा हिरवा पक्षी टपकन खाली पडला. "थंडी बाधली," म्हणत आप्पांनी शेगडीत आणखी कोळसे घातले. मग पिवळाही पडला.

शलाकानं पाळण्याकडे पाहिलं. बाळ जराही हलत नव्हतं. ती उठली, तर पाय लटपटले.

"आप्पा, शेगडीचा वायू कोंडलाय!" धडपडत तिनं दार उघडलं आणि बाळाला घेऊन अंगणात धावली. आप्पा मागोमाग आले. "अगं, त्याला गारठा बाधेल!"

तिनं बाळाच्या तळपायावर टिचक्या मारल्या. काहीच नाही. पुन्हा मारल्या. बाळानं एकदम श्वास ओढला आणि टाहो फोडला.

पायरीवर मटकन बसत आप्पा म्हणाले, "रडू दे. गप्प नको करूस गं त्याला."