अकरा वर्षांचा अभ्यास

शंभरातले किती दाणे उगवतील, हे आमच्या बियाणे कंपनीत मी बराबर सांगतो. पण सिनेमाच्या साहाय्यक अभिनेत्रीच्या पुरस्काराचा माझा अंदाज सलग अकरा वर्षं चुकलाय. मी गावाच्या ग्रुपवर नाव टाकलं, की ती बाई पडलीच समजा.

यंदा नामांकनात आमच्या हसनाबादची आकांक्षा होती. निकालाच्या दिवशी सकाळीच तिची आई, उषाबाई, पेढे घेऊन माझ्या दारात. अखेर गावात कुणाला तरी माझ्या अभ्यासाची कदर वाटली! खुशीत दोन पेढे तोंडात टाकले आणि त्यांच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं, ‘आकांक्षाच जिंकणार!’

 

उषाबाई मटकन खाली बसल्या. “भाऊ, तुम्ही तिचं नाव घ्यायचं न्हाई म्हणून तर पेढे आणल्ते!”