सहाव्या टेबलाची तपासणी

सहाव्या टेबलावरही हवेचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा आकडा झकास आला, आणि तपासणीवाल्या मॅडमचं डोकं सटकलं. पाचव्यावरही असाच. चौथ्यावरही! कारखान्यातला एकच पंखा, दगड घासायच्या सहा टेबलांवरची धूळ ओढणार, आणि सगळीकडे एवढा जोर? शक्यच नव्हतं.

त्यांनी मान वर केली. पाइपावरच्या सहापैकी पाच झडपा चक्क बंद. तपासणी चाललेल्या टेबलाची तेवढी उघडी.

"हे कोण करतंय?"

सुपरवायझर स्वतःच्या बुटांकडे असा बघत होता, जणू आजच ते पहिल्यांदा दिसले.

"मी," सहाव्या टेबलावरची मावशी म्हणाली. तिच्या हातात लांब काठी होती. "तुम्ही एका वेळी एकच टेबल तपासता ना? मग बाकीच्यांनी फुकट हवा कशाला ओढायची?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो मावशी, धूळ तुमच्याच छातीत जातेय! मी इथे कुणासाठी डोकेफोड करतेय?"

"आणि टेबल नापास झालं की घरी कोण बसतं? मागच्या वर्षी सातवं झालं. त्यावरची बाई अजून घरीच आहे. टेबल म्हणे दुरुस्त होतंय." मावशीने कोपऱ्याकडे काठी दाखवली. तिथे खोक्यांचा ढीग होता. टेबल कुठे दिसतही नव्हतं.

सुपरवायझरने पुन्हा बूट बघितले.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "सगळ्या झडपा उघडा. आत्ताच्या आत्ता!"

मावशीने एकेक झडप उघडली. प्रत्येक झडपेला खटकन आवाज झाला, आणि सहाव्या टेबलावरचा आकडा धाडधाड उतरत गेला.

मॅडमनी हवा कुठे ओढली जाते ते दाखवणारी धुराची नळी काढून रबरी फुगा दाबला. पांढरा धूर निघाला. धूळ ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाकडे तो वळलाच नाही. मावशीच्या नाकासमोरच रेंगाळत राहिला.

"बघा! तुम्हीच बघा, कुठे जातोय ते!" मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

मावशीने धुराकडे बघितलं, पेनाकडे बघितलं. मग वाकून गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकर मारली. सगळा धूर पाइपात.

"गेला की आत," ती धापा टाकत म्हणाली. "लिहा... पास."