मधला थर

"नाव काय रं तुझं?" गौराबाईने विचारलं. पोराने आधी आईकडे पाहिलं.

"सांग की, गजा," शकू घाईने म्हणाली.

"गजा," पोरगं पुटपुटलं.

खालापूरहून कर्जतच्या भिसेगावापर्यंत बैलगाडीत शकू त्याला हेच पढवत आली होती. पाच वर्षांचा गौतम असा कर्जतला येऊन गजा झाला. धाकट्या ठमीला अजून धड बोलता येत नव्हतं, म्हणून तिची धास्ती नव्हती.

त्यांना दीक्षा घेऊन आठ वर्षं झाली होती. घरातले देव गेले होते, लोकांच्या तोंडची जात मात्र गेली नव्हती. खालापूरच्या घरमालकाने भिंतीवर बुद्धाची तसबीर पाहिली आणि त्याच दुपारी भांडीकुंडी अंगणात फेकली. तसबिरीची काच फुटली, तिचा तुकडा ठमीच्या पायात गेला. नवरा, धर्माजी, कामावरून येईपर्यंत शकू पोरांना घेऊन रस्त्याच्या कडेला बसून होती. येणारेजाणारे बघत होते. पुन्हा तसं बसायची पाळी येऊ नये, एवढंच आता तिचं मागणं होतं.

धर्माजीला कर्जतच्या भातगिरणीत काम लागलं आणि गौराबाईची मागची खोली मिळाली. तसबीर काही शकूला टाकवेना. बापाने दीक्षेच्या वर्षी हातात दिलेली. चौकटीतून कागद काढून तिने तो पोरांच्या गोधडीत शिवला. वर तिचं जुनं लुगडं, खाली धर्माजीचं धोतर, मध्ये बुद्ध. धावदोरा इतका दाट घातला की कुणाला शंका येऊ नये.

गौराबाई विधवा, एकटी. खोलीत शिरायला तिला निमित्त पुरे. कधी विस्तव हवा, कधी चिमूटभर मीठ. बोलता बोलता तिचे डोळे भिंतींवरून फिरत.

"देव कुठं मांडलेस गं?"

"सामान लागायचं हाय अजून," शकू म्हणाली. सामान असं होतंच किती!

"आधीची भाडेकरीण लई चौकशा करायची. आमच्या घरातलं गल्लीभर सांगत फिरायची. काढली तिला."

शकूने मान डोलावली. ही आपल्याला दिलेली तंबीच आहे, हे तिला कळलं.

संध्याकाळी गौराबाईच्या घरात घंटा अशी वाजे की गल्लीच्या टोकापर्यंत कळावं. एकदा शकू चाळण मागायला गेली, तर देव्हाऱ्यातल्या समईत तेलाचा थेंब नव्हता आणि वातीवर कोळ्याने जाळं धरलं होतं. म्हातारी तेलाला महाचिकट, असं तिने धर्माजीला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी दोघं हसली.

हसू फार टिकलं नाही. एका सकाळी गोधडी उन्हात घातली होती. गौराबाई पायरीवर येऊन बसली आणि गोधडी मांडीवर ओढून टाके बघू लागली.

"हात चांगला हाय तुझा."

तेवढ्यात ठमी भावामागे धावत आली. "गोतू! गोतू!"

"हा गोतू कोण?"

"लाडानं म्हणते," शकू कशीबशी म्हणाली.

गौराबाईचा हात गोधडीच्या मधोमध थांबला होता. तिने ती जागा चाचपली. आत कागद करकरला.

"काय घातलंस आत?"

"धोतरं. जुनी."

गौराबाईने तीच जागा पुन्हा दाबली, मग गोधडीची घडी घालून ती शकूच्या हातात दिली आणि घरात निघून गेली. त्या संध्याकाळी घंटा वाजली नाही.

"कळलं तिला," शकू म्हणाली.

"पळसदरीला जागा मिळते का बघतो," धर्माजी म्हणाला. "आज पोरांना निजू दे."

सकाळी तो गिरणीत गेला. शकूने गाठोडी बांधली. ठमीचं अंग कोमट लागत होतं, तिला गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात निजवलं. दुपारी दारात सावली पडली. काखेत एक जुनाट गोधडी घेऊन गौराबाई उभी होती. ती गाठोड्यांकडे बघत राहिली.

"जा म्हणा, जातो आमी," शकू म्हणाली. "फक्त सामान फेकू नका. पोरांना लागतं."

गौराबाईने गोधडी शकूपुढे टाकली.

"मधी विरलीय. माझी नजर गेली आता. एवढी शिवून दे. मधला थर नीट बघ." जाता जाता ती वळली. "आनि दार लावून शीव."

दार तिनेच ओढून घेतलं. जाता जाता फुकटचं काम! शकूला रडू आलं, पण नाही म्हणायची छाती झाली नाही. गौतमला तिने जवळ बसवलं आणि सुईच्या टोकाने विरलेली शिवण उसवायला घेतली.

एकदम बाहेर घंटा घणघणली. भर दुपारी! सुई शकूच्या बोटात गेली. गल्ली गोळा करते आहे, दुसरं काय? ती दारावर थाप पडायची वाट बघत राहिली. थाप पडली नाही. घंटा वाजतच राहिली.

तिने वरचा थर उचलला. आत कागद करकरला. घड्यांवर पिवळा पडलेला, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी धरलेला. टाके तोडून तिने तो उलगडला, आणि पापण्या मिटून बसलेला बुद्ध समोर आला. क्षणभर तिला वाटलं, आपलीच तसबीर म्हातारीने काढून घेतली.

पण शकूची गोधडी तर टाकाही न उसवलेली, कोपऱ्यात ठमीच्या अंगावर होती.